दुसरा डोळा

चष्मेवाल्यांना त्यांच्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं अरुंद दुकान होतं. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमांच्या रांगा, मध्ये पडदा, पडद्यामागे उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर वरून खाली बारीक बारीक होत गेलेल्या अक्षरांचा तक्ता. निम्मं गाव त्यांनी बसवलेल्या काचांमधून जग बघत होतं. स्वतः चष्मेवाल्यांना मात्र साठी जवळ आली तरी लांबचा चष्मा लागला नव्हता. या गोष्टीचा त्यांना इतका अभिमान होता, की गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसवताना ते त्याच्याकडे जरा कीव केल्यासारखंच बघायचे.

रविवारी दुकान बंद. त्या दिवशी सकाळी गळ्यात दुर्बीण अडकवून ते खाडीच्या तोंडाशी जायचे. तिथला चिखल, त्यामागची लव्हाळी आणि समुद्रापर्यंत गेलेला मातीचा बांध एवढी जागा पाखरांसाठी राखून ठेवलेली होती. फाटकापाशी पत्र्याची खोली होती, खोलीत बाकं आणि एक फळा. फेरी झाली की पाखरं बघणारी मंडळी तिथे थर्मासातला चहा पीत बसायची आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या बाई त्या दिवशी दिसलेल्या पाखरांची नावं खडूने फळ्यावर लिहायच्या. बगळे, शेकाट्या, कुरव, सुरय वगैरे नेहमीचेच. एखाद्या रविवारी काही नवं निघालं तर चहाची दुसरी फेरी व्हायची.

फळ्याचा एक नियम होता आणि तो चष्मेवाल्यांनीच घालून दिला होता. पूर्वी कोणीही यावं आणि काहीही सांगावं असा मामला होता. एकदा दातांच्या डॉक्टरांना दूरच्या खुंटावर गरुड बसलेला दिसला. सगळी मंडळी श्वास रोखून उभी राहिली, बाईंनी फळ्यावर गरुड ठळक अक्षरांत लिहिला. पुढच्या रविवारी गरुड त्याच खुंटावर, त्याच ऐटीत. जवळ जाऊन बघतात तर काळी प्लास्टिकची पिशवी. डॉक्टर बरेच दिवस तोंड चुकवत होते. तेव्हा चष्मेवाले म्हणाले, की एका डोळ्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, दुसरा डोळा पाहिजे. म्हणजे तेच पाखरू दुसऱ्या कोणीतरी बघून हो म्हणायचं, तरच ते फळ्यावर चढणार. शब्द मंडळींना आवडला. कोणी काही दिसलं म्हणालं की बाई खडू हातात घेऊन विचारायच्या, "दुसरा डोळा कोण?" आणि बहुतेक वेळा तो डोळा चष्मेवाल्यांचाच असायचा. ते मान डोलवायचे, मग पाखरू झालं. त्यांनी ओठ मुडपले की गेलं.

हा मान त्यांना फार गोड लागायचा. दुकानात मिळत नव्हता, घरी तर नव्हताच नव्हता.

एक पाखरू मात्र त्यांना स्वतःलाच हुलकावणी देत आलं होतं. चिमणीएवढं. थंडीत चिखलावर तुतारी पाखरांचे थवेच्या थवे उतरतात, सगळी मातकट, सगळी एकसारखी, सगळी चिखलात चोची खुपसण्यात गर्क. त्यांच्यात क्वचित एखादी चमचचोच असते. तिच्या चोचीचं टोक चमच्यासारखं पसरट. तेही बाजूने बघितलं तर कळत नाही. तिने वळून समोर तोंड केलं तरच चमचा दिसतो, आणि ती समोर तोंड करते न करते तोच पुन्हा खाली वाकते. आसपासच्या किनाऱ्यांवर ती कोणाकोणाला दिसली होती, या खाडीत अजून नाही. चष्मेवाले दर थंडीत डोळ्यांत तेल घालून तिला शोधत होते. मंडळी चेष्टा करायची, की चष्मेवाल्यांना घरात एवढे चमचे असताना बाहेरच्या चमच्याची काय हौस. ते हसायचे. आतून मात्र त्यांचं ठरलेलं होतं, की फळ्यावर ते नाव चढेल तेव्हा त्याखाली आपलं नाव असेल.

अशात साडू गावात राहायला आले.

साडू म्हणजे त्यांच्या धाकट्या मेव्हणीचा नवरा. आयुष्यभर रेल्वेत तिकीट तपासत फिरले आणि निवृत्त झाल्यावर दोन गल्ल्या पलीकडे घर घेऊन बसले. चष्मेवाले थोरले जावई. सासऱ्यांच्या घराचं छत गळायला लागलं तेव्हा शिडीवर चढले ते हे, सासूबाईंना दवाखान्यात नेलं ते यांनी. पण धाकटे जावई वर्षातून एकदा उगवले, की सासरे काठी टाकून दारापर्यंत धावायचे. त्या माणसाने काहीच केलेलं नसायचं. यायचा, हसायचा, दोन गोष्टी सांगायचा आणि घर खिशात घालायचा. हे चष्मेवाल्यांच्या डोळ्यात तेव्हापासून खुपत होतं आणि आता तर तो दोन गल्ल्यांवर येऊन बसला होता.

पहिल्याच आठवड्यात साडू जेवायला आले आणि त्यांनी रेल्वेतल्या गोष्टी सांगितल्या. बिनतिकिट्या गर्दीत कसा ओळखू येतो, त्याची एक. तो वेगळा दिसत नाही म्हणे, त्याचं उभं राहणं वेगळं असतं. आणि एखादा बरा माणूस तसा सापडला तर ते त्याला चारचौघांत कधी उघडा पाडायचे नाहीत. शेजारी जाऊन बसायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे, आणि जोडीदार तपासनीस तिकीट मागायला आला की म्हणायचे, "यांचं मी बघितलंय." मग पुढच्या स्टेशनात माणूस आपण होऊन खाली उतरायचा. उतरताना कोणीकोणी पाया पडायला यायचं, ते मात्र नको वाटायचं, असं साडू म्हणाले.

ही गोष्ट ऐकताना बायकोच्या डोळ्यांत पाणी आलेलं चष्मेवाल्यांनी पाहिलं. त्यांच्या दुकानातल्या एकाही गोष्टीने तिच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं. फार तर जांभई आली असेल.

"भाऊजी किती मोकळे आहेत नाही?" भांडी आवरताना ती म्हणाली.

चष्मेवाले म्हणाले, की नळ नीट बंद कर, गळतोय.

साडूंना चष्मा हवा होता, तो चष्मेवाल्यांनी करून दिला, नात्यातला म्हणून काचा अगदी मनापासून घासून. मग साडू म्हणाले, रविवारी मीही येतो. तर यांनी आपली जुनी दुर्बीण साफ करून, स्क्रू आवळून त्यांच्या गळ्यात घातली. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. वाटलं, कंटाळेल आणि सोडून देईल. साडू कंटाळले नाहीत. पहिल्याच फेरीत त्यांना लव्हाळ्यात लपलेला बगळा दिसला, जो चष्मेवाल्यांना दिसला नव्हता. त्यांना पाखरांची नावं येत नव्हती. "अहो, तो बघा, तो कोण हो?" असं ते विचारायचे, आणि तो कोण हे बघायला सगळी मंडळी त्यांच्याभोवती जमायची. थोड्याच दिवसांत बाई त्यांच्यासाठी बाकावर जागा धरू लागल्या. दातांचे डॉक्टर, जे गरुडानंतर फारसं तोंड उघडत नव्हते, ते साडूंच्या विनोदांवर अक्कलदाढेपर्यंत हसू लागले. चष्मेवाले थर्मासाचं झाकण घट्ट लावत बसायचे. त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा. माझाच चष्मा, माझीच दुर्बीण आणि कौतुक कोणाचं? रात्री कूस बदलताना हाच हिशेब चालायचा.

मग तो रविवार आला. थंडी होती, ओहोटी लागलेली. बाईंचा गुडघा दुखत होता म्हणून त्या खोलीतच थांबल्या, बाकीची मंडळी लव्हाळ्यातल्या मचाणाकडे वळली. चष्मेवाले नेहमीप्रमाणे बांधाच्या पार टोकाला निघाले आणि साडू त्यांच्यामागे. टोकापाशी पाणी हटून चिखल उघडा पडला होता आणि त्यावर तुताऱ्यांचा भलामोठा थवा पसरलेला. चष्मेवाल्यांनी उजवीकडून एकेक पाखरू तपासायला सुरुवात केली. हीच त्यांची पद्धत. एका टोकाला धरायचं आणि शिलाई केल्यासारखं दुसऱ्या टोकाला जायचं.

साडू तसले काही कष्ट घेत नव्हते. दुर्बीण पोटावर लोंबत ठेवून नुसते थव्याकडे बघत उभे होते, डब्यात शिरल्यावर दारात उभं राहून बघत असतील तसे.

"साडूभाऊ," ते हलकेच म्हणाले, "त्या मोडक्या फळीच्या डावीकडे बघा. तो एक बिनतिकिटाचा वाटतोय."

चष्मेवाल्यांनी दुर्बीण वळवली. बाकीची पाखरं टोचत होती. हे एक डोकं खाली घालून चोच डावीउजवीकडे झाडल्यासारखी फिरवत चाललं होतं. पाखरू थांबलं, वळलं आणि त्याने समोर तोंड केलं. चोचीच्या टोकाला चमचा.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि चष्मेवाल्यांच्या मनात आनंदाच्या आधी दुसरंच काही येऊन उभं राहिलं. यालाच का दिसावं? त्यांनी दुर्बीण खाली घेतली आणि साडूंकडे पाहिलं. साडूंनी आता दुर्बीण लावली होती. त्यांचं तोंड उघडं पडलं होतं, चष्मा कपाळावर गेला होता आणि गालावरून चक्क पाणी ओघळत होतं. "अरे, अरे," एवढंच ते पुटपुटत होते. चष्मेवाले त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. पुन्हा चिखलाकडे वळले तेव्हा कुठूनशी घार आली आणि सगळा थवा उठून गेला.

"बघितलात ना?" साडूंनी विचारलं.

चष्मेवाले भरभर परत निघाले. साडू मागून पळत आल्यासारखे आले, खोलीत शिरले आणि बाईंना सांगून टाकलं, की चोचीला चमचा असलेलं ते चिमुकलं पाखरू आम्हाला दिसलं. बाई गुडघा विसरून उठल्या, खडू घेतला.

"दुसरा डोळा कोण?" त्यांनी विचारलं, आणि लगेच चष्मेवाल्यांकडे बघून हसल्या, कारण विचारायची गरजच नव्हती.

"मला नाही दिसलं तसं काही," चष्मेवाले म्हणाले.

म्हणून झाल्यावर त्यांना जे वाटलं ते मोठं गार आणि छान होतं, उन्हातून येऊन पाणी प्यावं तसं. बाईंनी खडू ठेवून दिला. कोणीतरी काळ्या पिशवीचा विनोद केला, डॉक्टर सोडून सगळे हसले. साडूही हसले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "मग माझीच काहीतरी गडबड झाली. साडूभाऊंना नाही दिसलं म्हणजे नव्हतंच ते."

तो गारवा फार टिकला नाही. पुढच्या रविवारी साडू आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. बाकावर जागा मोकळी, मंडळी विचारतात साडू कुठे, आणि चष्मेवाल्यांना आपलं राज्य परत मिळाल्याचा आनंद काही केल्या होईना. घरी बायको काळजीत दिसली. धाकटीचा फोन आला होता. भाऊजींनी स्कूटरची किल्ली काढून तिच्या हातात दिली होती, म्हणे आता मी चालवणार नाही, कोणाच्या अंगावर घालायचो. संध्याकाळी घराबाहेर पडत नव्हते.

"काय झालंय हो त्यांना?" बायकोने विचारलं.

"मला काय माहीत," चष्मेवाले म्हणाले, आणि ताटावरून लवकर उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं दार वाजलं. साडू होते. नेहमीसारखे बडबडत आले नाहीत, विचारून आत आले.

"डोळे बघता का जरा?" ते म्हणाले. "आईचं असंच सुरू झालं होतं. आधी तिला नसलेलं दिसायचं. दारात कोणी उभं आहे म्हणायची, कोणी नसायचं. मग वर्षाच्या आत सगळंच गेलं. घरात सांगितलं नाही अजून."

चष्मेवाल्यांनी पडदा सरकवला, त्यांना खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली. हात सवयीने चालत होते. एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची. "हे स्पष्ट, का हे?" साडू शाळेतल्या पोरासारखे ताठ बसून उत्तरं देत होते. खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरले होते. चष्मेवाल्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. मोतीबिंदूचा ठिपका नाही. मग तक्ता वाचायला सांगितला. साडू वरून निघाले आणि अडखळत नाहीत, थांबत नाहीत, शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचून मोकळे. त्या ओळीला गावातली तरणी माणसं अडायची.

"त्याच्याखाली छापखान्याचं नाव आहे, तेही वाचू का?" त्यांनी घाबरत विचारलं.

छापखान्याचं नाव चष्मेवाल्यांना स्वतःला त्या खुर्चीतून वाचता यायचं नाही. त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं, पण हल्ली यायचं नाही. म्हणजे हेही यालाच, ते मनात म्हणाले. आता फक्त एवढं म्हणायचं होतं, की नंबर थोडा सरकलाय, उन्हावाऱ्यात फार फिरू नका. कोणाला संशय आला नसता. रविवार त्यांचा झाला असता, बाक त्यांचं, फळा त्यांचा. शब्द जिभेवर तयार होते. समोर साडू जड फ्रेम घालून बसले होते, त्यामागचे डोळे मोठे मोठे दिसत होते आणि ते डोळे चष्मेवाल्यांकडे एकटक बघत होते, निकालासाठी.

"डोळे उत्तम आहेत तुमचे," चष्मेवाले म्हणाले.

"मग तो पक्षी?"

"होता. मीही पाहिला."

"मग नाही का म्हणालात?"

"तुम्हाला आधी दिसला म्हणून."

साडूंनी फ्रेम स्वतःच काढली. नाकावर तिचे लाल वळ उठले होते.

"जिना उतरताना कठडा धरून उतरत होतो मी," ते म्हणाले. "घरात डोळे मिटून चालून बघत होतो, जमतंय का म्हणून."

चहा मागवू का, असं चष्मेवाल्यांनी विचारलं. साडू नको म्हणाले, फ्रेम काळजीने टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

रविवारी चष्मेवाले फाटकाशी पोचले. सगळ्यांदेखत कबूल करायचं असं ठरवून ते आले होते, निदान रस्ताभर तरी ठरवत आले होते. खोलीत बघतात तर साडू आधीच हजर, बाकावर बसलेले, आणि मंडळी त्यांच्याभोवती. बाई हातात खडू घेऊन उभ्या. फळ्यावर चमचचोच लिहून झालं होतं, त्याखाली 'पाहणारे: चष्मेवाले' आणि त्याखाली 'दुसरा डोळा: साडू'.

चष्मेवाल्यांना कोणी बोलूच देईना. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. साडूंनी सगळं सांगितलं होतं. चष्मेवाल्यांनी पाखरू पाहिलं, पण इतकी वर्षं वाट बघितलेलं, तेव्हा घाईने हो म्हणायला मन होईना, म्हणून त्या दिवशी गप्प राहिले. याला म्हणतात काटेकोरपणा, असं बाई म्हणाल्या.

दातांच्या डॉक्टरांच्या मनात अजून पिशवी होती. "पण ते तर नाही म्हणाले होते," ते म्हणाले. "मी इथेच होतो. दिसलं नाही असं म्हणाले."

"यांचं मी बघितलंय, डॉक्टर," साडू सहज म्हणाले, आणि शेजारी सरकून त्यांनी चष्मेवाल्यांना बाकावर जागा करून दिली.

चष्मेवाले बसले. त्यांनी साडूंच्या चेहऱ्यात शोधलं, की हा चांगुलपणा आहे का सूड, आणि त्यांच्या चांगल्या डोळ्यांना काही सापडलं नाही. चारचौघांत लाज काढली असती तर बरं झालं असतं, मग निदान रागावता तरी आलं असतं. या माणसाकडे सगळं होतं. हसू होतं, नजर होती, आणि आता हेही होतं. चष्मेवाल्यांना त्याचा इतका हेवा वाटला, की बाई चहा देत होत्या तो घ्यायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

"सांगा ना कसं होतं," बाई म्हणाल्या. "पंख कसे, चाल कशी, सगळं सांगा."

त्यांनी सुरुवात केली. चोच झाडत चाललं होतं, मग वळलं. मग? मग काय केलं त्याने? ते आठवू लागले आणि डोळ्यांपुढे येईना. साडूंचा चेहरा येत होता. उघडं तोंड, कपाळावरचा चष्मा, गालावरचं पाणी, सगळं लख्ख. पाखरू नव्हतं. साडूंनी खालच्या आवाजात सुचवलं, की मग त्याने एक पाय वर घेतला, मान खाजवली, आणि चोचीला शेवाळाचा धागा अडकला होता तो झटकला. चष्मेवाले त्यांच्यामागून तेच म्हणत गेले. मंडळी टाळ्या वाजवत होती.

घरी बायको दारातच उभी होती. धाकटीचा फोन येऊन गेला होता, स्कूटरची किल्ली परत खुंटीवर लागली होती, आणि भाऊजींनी सांगितलं होतं की यांनी फार मोठं पाखरू पाहिलं.

"आता तरी खूश ना?" ती म्हणाली. "कसं होतं हो दिसायला?"

चष्मेवाले गळ्यातली दुर्बीण काढत होते. पट्टा कॉलरमध्ये अडकला होता, तो त्यांनी हळूहळू सोडवला.

"भाऊजींना विचार," ते म्हणाले.